स्की हवेत आणि ट्रॅक खड्ड्यात: पावडरसाठी मागचं सस्पेन्शन

तुमच्या स्नोमोबाइलबद्दलचा, म्हणजे स्लेडबद्दलचा प्रश्न नीट वाचला. १६५ इंची ट्रॅक, ३ इंची लग (ट्रॅकवरची रबरी पाती), पुढच्या-मागच्या दोन्ही ट्रॅक शॉकवर कॉइल स्प्रिंग, सगळे कपडे आणि बॅग चढवून तुमचं वजन ९५ किलो. पावडरमध्ये, म्हणजे मऊ भुसभुशीत बर्फात, स्लेड तरंगावी म्हणून मागची स्प्रिंग पार सैल केलीत, लिमिटर पट्टा (ट्रॅकची पुढची बाजू किती खाली जाईल ते रोखणारा) शेवटच्या भोकापर्यंत सोडलात, आणि तरी कमरेएवढ्या बर्फात थ्रॉटल दिला की स्की आकाशाकडे आणि मागची बाजू खाली खाली. आता अजून काय सैल करू असं विचारताय. काहीच नका करू राव, जे सैल केलंय त्यातलंच निम्मं परत घट्ट करायचंय.

हा गैरसमज जवळपास सगळ्यांचा असतो, माझाही होता. नाक वर आलं की वाटतं स्लेड बर्फावर चढतेय, पण चढवायचं काम स्की नाही, ट्रॅक करतो. ड्रायव्हरपासून (ट्रॅक फिरवणारं दातेरी चाक) खाली रेलच्या (ज्यांवरून ट्रॅक सरकतो त्या लांब दांड्यांच्या) पुढच्या टोकापर्यंत ट्रॅकचा जो तिरका भाग येतो ना, सगळा खेळ त्याच्या कोनाचा आहे. तो भाग आडवा असेल तर लग बर्फाला खाली दाबत जातात, बर्फ दबून घट्ट होतो आणि स्लेड त्यावर चढते. तोच भाग उभा झाला की लग समोरच्या बर्फाला भिंतीसारखे भिडतात, ओरबाडून मागे फेकतात, म्हणजे तुम्ही स्लेड चालवत नाही, विहीर खणताय, आणि ३ इंची लग असले की खणायचं काम फार झटपट होतं!

तुमच्याकडे तो कोन दोन्ही बाजूंनी बिघडलाय. मागची स्प्रिंग सैल म्हणून थ्रॉटल देताच मागची बाजू बसते, आणि पट्टा लांब म्हणून त्याच क्षणी रेलचं पुढचं टोक खाली जातं. एकच असतं तर कदाचित चाललं असतं.

आधी मागची बाजू बघू, कारण ती चुकीची असताना पट्ट्याला हात लावून काही कळत नाही. मोजायला एक माणूस सोबत घ्या आणि पूर्ण किट घाला, म्हणजे बूट, हेल्मेट, फावडं असलेली बॅग, सगळं. घरच्या कपड्यात मोजलं तर आकडा खोटा येतो. मागचा बंपर वर उचला, सस्पेन्शन पूर्ण उघडू द्या, ट्रॅक जमिनीला नुसता टेकलेला हवा, आणि बंपर ते जमीन अंतर मोजा. मग रनिंग बोर्डवर उभे राहा, पावडरमध्ये तुम्ही बसून थोडेच चालवता, दोन-तीनदा हलके दाबून स्थिर व्हा आणि सोबतच्याला परत मोजू द्या. दोन्हीतला फरक म्हणजे तुमचा सॅग. मॅन्युअलमध्ये तुमच्या मॉडेलचा आकडा दिला असेल तर तोच धरा, नसेल तर एकूण ट्रॅव्हलच्या (सस्पेन्शन जितकं वर-खाली हलू शकतं त्याच्या) साधारण चौथ्या भागापासून सुरुवात करा, म्हणजे ट्रॅव्हल १६ इंच असेल तर ४ इंच. पूर्ण सैल स्प्रिंगवर तुमचा आकडा याच्या बराच पुढे जाईल असं मला वाटतं.

प्रीलोडची (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची त्याची) रिंग फिरवून तो आकडा गाठा, पण एक ध्यानात ठेवा, प्रीलोडने स्लेड किती उंच बसते ते बदलतं, स्प्रिंग स्वतः कडक होत नाही. रिंग शेवटपर्यंत आवळूनही सॅग जास्तच येत असेल तर ती स्प्रिंग तुमच्या वजनाची नाहीच, जास्त रेटची, म्हणजे मुळातच कडक, घ्यावी लागेल. (ज्यांच्या स्लेडला टॉर्शन स्प्रिंग आणि तिचा ताण बदलणारे कॅम आहेत त्यांनी दोन्ही बाजूचे कॅम एकाच पायरीवर ठेवा आणि पायरी-पायरीने फिरवा, एकदम उडी मारू नका.) उलट टोकही वाईट, मागे फार कडक केलं तर थ्रॉटल दिल्यावर वजन मागे येतच नाही, स्की जड होतात आणि नांगरासारख्या घुसतात.

एअर शॉकवाले पण हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी, हवा गरम गॅरेजमध्ये भरू नका. २० डिग्रीला १०० पीएसआय भरलेला शॉक उणे २० डिग्रीला साधारण ८५ वर येतो, आणि मग काल बरोबर होतं ते आज का बुडतंय म्हणून माणूस डोकं खाजवत बसतो. स्लेड तासभर बाहेर थंडीत ठेवा, मग पंप लावा.

आता पट्टा. शेवटच्या भोकातून एक भोक आत घ्या. एकच. दोन पट्टे असतील तर दोन्ही सारख्याच भोकात, नाहीतर पुढचा आर्म (रेलला स्लेडशी जोडणारा) तिरका ओढला जातो. काम करताना स्लेडचं वजन ट्रॅकवरच राहू द्या, सस्पेन्शन दबून पट्ट्यावरचा ताण गेला की बोल्ट सहज निघतो, ताण असताना उपटायला जाल तर बोटं सोलून निघतील. आणि पट्टा हलवला की ट्रॅकचं टेन्शन परत तपासायचं, हे बरेच जण विसरतात. पुढचा आर्म हलला की ट्रॅकचा मार्ग बदलतो, सैल राहिला तर ड्रायव्हरवर दात सटकतात, ताठ झाला तर पॉवर नुसती घासण्यात जाते.

पट्टा आत घेतला की चढावर नाक कमी उठतं आणि ट्रॅक आडवा राहतो. पण याचीही हद्द आहे. फार आत ओढलात तर स्कीवर इतकं वजन येतं की साइडहिल करताना, म्हणजे उताराला आडवं जाताना, स्लेड एका कडेवर घेणं जीवावर येतं, प्रत्येक वळणाला हँडलशी कुस्ती. मी बहुतेक दिवस मधल्या भोकात असतो, खूप उभ्या चढाचा दिवस असला की एक अजून आत.

पुढचा ट्रॅक शॉक, म्हणजे स्किडच्या (ट्रॅकच्या आतल्या सांगाड्याच्या) मधला, त्याच्या सेटिंगबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही. त्याचा प्रीलोड जास्त असेल तर तो रेलचं पुढचं टोक खाली रेटतो आणि स्लेड त्या आर्मवर सी-सॉसारखी डोलते. स्की हलक्या लागतात, मजाही येते, पण खोल बर्फात तोच खड्डा. म्हणून तिथे मी कमीच प्रीलोड ठेवतो, स्प्रिंग हाताने खडखडणार नाही इतपत. शॉकवर क्लिकर (त्याची हालचाल हळू-जलद करायची बटणं) असतील तर रीबाउंड, म्हणजे शॉकचं परत उघडणं, फार हळू ठेवू नका, उंचसखल जागी शॉक परत उघडायच्या आतच पुढचा दणका येतो आणि स्लेड दबत दबत खालीच राहते. क्लिकर मोजायचे ते पूर्ण बंद करून उलटे, आणि आकडा मार्करने टनेलच्या (ट्रॅकवरच्या पत्र्याच्या आवरणाच्या) आत लिहून ठेवा, मी लिहिलाय. मनात ठेवलेला आकडा दुसऱ्या दिवशी कुणाला आठवतो?

आणि एकावेळी एकच बदल, प्लीज. माझ्या पहिल्या सीझनला मी सकाळी पट्टा, दोन्ही स्प्रिंगा आणि क्लिकर सगळं एकदम बदललं, दुपारपर्यंत तीनदा रुतलो, प्रत्येक वेळी अर्धा तास फावडं, आणि शेवटी घोळ सेटिंगचा नव्हताच. मागच्या शॉकचा गॅस निघून गेला होता, दांड्यावर तेलाची बारीक ओली कड होती ती मला दिसली नाही. तेव्हापासून रिंगला हात लावायच्या आधी शॉकच्या दांड्यावरून चिंधी फिरवतो, तेल लागलं तर आधी शॉक दुरुस्ती, बाकी सगळं नंतर.

सकाळी अजून एक गंमत होते. काल टनेलमध्ये भरलेला बर्फ वितळून रात्री गोठतो, ओला पट्टा कांबीसारखा ताठ होतो, आर्मचे सांधे हलत नाहीत, आणि तुम्ही म्हणता सस्पेन्शन अचानक कडक कसं झालं. संध्याकाळी मागची बाजू उचलून बर्फ झाडून टाका, ट्रॅक दोन-चार वेळा हाताने फिरवा, पाच मिनिटांचं काम आहे.

थोडं चालवण्याबद्दल. थांबलेल्या स्लेडला एकदम पूर्ण थ्रॉटल दिला तर जगातलं कुठलंही सेटिंग वाचवत नाही. स्कीच्या पुढचा बर्फ पायाने तुडवा, शक्य असेल तर तोंड उताराकडे ठेवूनच थांबत जा, वजन थोडं पुढे घ्या, हळू सुरू करा आणि ट्रॅक चढायला लागला की मग वाढवा. परतीला घट्ट दबलेल्या वाटेवर आलात की स्क्रॅचर (वाट खरवडून बर्फ उडवणारे) खाली सोडा, तिथे सैल बर्फ उडत नाही, स्लाइड (रेलखालच्या प्लास्टिकच्या पट्ट्या) कोरड्या घासतात आणि कूलंटचं तापमान चढतं.

हे सगळं टेस्ट करायला मोकळी सपाट जागा शोधा, उभ्या उताराच्या पायथ्याशी नको. हिमस्खलनं बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात आणि पायथ्याशी फावडं घेऊन वाकलेला माणूस वर बघत नसतो. बीकन (बर्फाखाली गाडलेल्याला शोधायला सिग्नल देणारं यंत्र) अंगावर आणि चालू, सोबत कुणीतरी हवंच.

आता सॅग आणि एक भोक, एवढंच करून जा. रुतलात तर खणायच्या आधी स्लेडच्या मागे जाऊन चर बघा. मागून पुढे हळूहळू खोल होत गेलेला, रॅम्पसारखा असेल तर कोन बराचसा सुधारलाय आणि राहिलेलं थ्रॉटलच्या अंगठ्याचं आहे. सुरुवातीलाच सरळ खाली गेलेला खड्डा असेल तर अजून एक भोक आत. फोटो काढून टाका इथे, सोबत सॅगचे दोन्ही आकडे द्या, मग स्प्रिंग बदलायची की नाही ते बघू.