न्हावा शेवा बंदराला पहिला कंटेनर येतोय. माल सोडवायला लोकल कस्टम ब्रोकर घ्यावा की परगावच्या फॉरवर्डरचं (माल वाहतुकीची व्यवस्था करणाऱ्याचं) स्वस्त पॅकेज?

तुमचं वर्कशॉप ठाण्यात, माल चीनचा, आणि तुम्ही लिहिलंय की कस्टमचं आता सगळं फेसलेस, म्हणजे समोर न जाता ऑनलाइन झालंय, मग बेलापूरचा एजंट हवाच कशाला? हेच वाक्य मी माझ्या सख्ख्या भावाच्या तोंडून ऐकलंय, म्हणून लिहायला बसले. बेलापूरच्या एका ब्रोकरकडे मी १४ वर्षं नोकरी करते, जी-कार्ड आहे, म्हणजे कस्टमची परीक्षा पास झालेल्या ब्रोकरच्या माणसाचं ओळखपत्र. तेव्हा माझं मत कुठे झुकणार हे धरूनच वाचा.

फेसलेस झालंय ते असेसमेंट, म्हणजे कागद तपासून ड्युटी ठरवणं. २०२० पासून तुमची बिल ऑफ एन्ट्री (आयात मालाचा कस्टमला भरायचा अर्ज) चेन्नईचा अधिकारी बघतो नाहीतर दिल्लीचा. कंटेनर काही चेन्नईला जात नाही. तो बंदराजवळच्या द्रोणागिरीच्या सीएफएसमध्ये (कंटेनर ठेवायच्या यार्डात) पडून राहतो, आणि उघडून बघायची ऑर्डर आली की तिथे ब्रोकरचा माणूस उभा लागतो.

दादाचं वागळे इस्टेटला मोल्डिंगचं युनिट आहे. २०२२ च्या पावसाळ्यात त्याने निंगबोहून हायड्रॉलिक पंप मागवले, वीस फुटी कंटेनर. माझ्याकडून रेट घेतला आणि म्हणाला, ‘नुसते फॉर्म भरायचे एवढे पैसे?’ साडेचार हजार वाचवून काम दिलं दुसऱ्या शहरातल्या कुणालातरी. वहिनीने मला चार दिवसांनी सांगितलं.

बिल ऑफ एन्ट्री जहाज लागायच्या आदल्या दिवसापर्यंत पडायला हवी. उशीर झाला की पहिले ३ दिवस रोज ५,०००, पुढे रोज १०,०००. त्या लोकांनी शनिवार-रविवार सुट्टी धरली. कायदा धरत नाही. मग कस्टमकडून कॅटलॉग मागणारी क्वेरी आली, ती तीन दिवस कुणी उघडलीच नाही. मग एक्झामिनेशन लागलं आणि माणूसच नाही! ज्याच्यावर सोपवलं होतं तो त्यांचा नव्हताच, दुसऱ्याच्या लायसन्सवर कामं करणारा होता. लायसन्स असं दुसऱ्याच्या हातात द्यायला नियमात बंदी आहे, हे दादाला मी तेव्हा फोनवर ऐकवलं. त्याने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी स्वतःच आला फोन. ‘अगं, जरा जाऊन बघतेस का?’ हाफ डे टाकला. करळ फाट्याला ट्रेलरची रांग, वरून पाऊस, दीड तास तिथेच. माझ्या नावाने काम नव्हतं, त्यामुळे मी नुसती बघ्यासारखी उभी. एकदाचं दार उघडलं. पंप बरोबर, नग बरोबर. खालची पॅलेट कोरी. लाकडी पॅकिंगवर प्रक्रिया केल्याचा शिक्का लागतो, गव्हाची ओंबी, देशाचा कोड आणि एचटी असं काहीतरी डागलेलं. चार पॅलेटवर होता, दोनवर नव्हता. झालं, प्लँट क्वारंटाइन (लाकडातून कीड येऊ नये म्हणून तपासणारं खातं), फ्युमिगेशन म्हणजे धुरी, आणखी दिवस. इकडे सीएफएसचं भाडं, तिकडे शिपिंग लाइनचं डिटेन्शन, म्हणजे कंटेनर उशिरा परत केल्याचा आकार, ते डॉलरमध्ये. सगळं मिळून साठ हजारांच्या वर गेलं.

हा शिक्का सप्लायरने कंटेनर सील करायच्या आधीच फोटोत दिसला असता. आमच्याकडे प्रत्येक नव्या पार्टीला मी तो फोटो मागते. हे कुठल्याही फॉर्ममध्ये नसतं, दादा.

तो अजूनही गणपतीत सगळ्यांसमोर म्हणतो की नशीब खराब होतं. नशिबाने क्वेरी उघडायची असते का? पण गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला त्याचा व्हॉट्सअॅप आला. ओल्या लाकडाचा फोटो, त्यावर ओंबी. खाली एक अक्षर नाही. मीही अंगठा दाखवून झोपले.

तुमच्या खर्चाचं. एकगठ्ठा रेट घेऊ नका. एजन्सी चार्ज वेगळा, शिपिंग लाइनचे डीओ (डिलिव्हरी ऑर्डर, म्हणजे माल सोडायचं पत्र) चार्जेस, सीएफएस आणि ट्रान्सपोर्ट पावतीप्रमाणे, असं लिहून मागा. स्वस्त पॅकेजवाले एजन्सीत सोडतात आणि बाकीच्यात वसूल करतात. सीएफएसवर कोण उभा राहणार, त्याचं नाव आणि कार्ड आधी विचारा. उत्तर द्यायला घुटमळला तर पुढे जाऊ नका. आणि बिल ऑफ एन्ट्री फाइल करण्याआधी ब्रोकर तिचा मसुदा, म्हणजे चेकलिस्ट पाठवतो ती नीट वाचा, विशेषतः एचएस कोड (मालाचा प्रकार सांगणारा नंबर) आणि किंमत. ब्रोकरने तुमच्या वतीने भरलेलं तुम्हीच भरलं असं कायदा धरतो, नोटीस तुमच्या नावाने येते.

आता हेही सांगायला हवं की लोकल म्हणजे चांगलाच असं नाही. आमच्याच बिल्डिंगमध्ये दोन जण आहेत ज्यांच्याकडे मी दादाचंसुद्धा काम जाऊ देणार नाही. परगावच्या ब्रोकरचं न्हावा शेवाला स्वतःचं ऑफिस आणि माणसं असतील तर खुशाल द्या. महिन्याला दहा-पंधरा कंटेनर असतील तर स्वतःचा माणूस नेमून स्वतःही फाइल करता येतं, ब्रोकर सक्तीचा नाही. पहिल्याच कंटेनरला तो प्रयोग नको.

बांगलादेशहून रस्त्याने माल आणायचं विचारलंत, तिथे मी काही कामाची नाही. पश्चिम बंगालच्या सीमेवर पेट्रापोलला येणार असेल तर बनगावकडचाच माणूस बघा, बेलापूरचा नको.