भिंतीवरची यादी काढून ठेवा

(लातूरहून एका वडिलांचे पत्र आले आहे. मुलगी बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने राष्ट्रीय नाट्य विद्यालयात, म्हणजे दिल्लीच्या एनएसडीत जाऊन अभिनय शिकावा असा त्यांचा आग्रह आहे. विद्यालयाच्या अठरा नामवंत विद्यार्थ्यांची यादी त्यांनी तिच्या टेबलासमोर भिंतीवर लावली आहे. दोन प्रयत्नांत प्रवेश मिळाला नाही तर बी. एड. करायचे, असे ठरले आहे.)

सप्रेम नमस्कार,

आपले तीन पानी पत्र मी दोनदा वाचले. मुलींना नाटकापासून दूर ठेवणाऱ्या पालकांची पत्रे मला नेहमी येतात. मुलीला स्वतःहून दिल्लीला पाठवायला निघालेले वडील क्वचित भेटतात, म्हणून आरंभी मला आनंद झाला. दुसऱ्या वाचनात मात्र एक गोष्ट खटकली, आणि ती आपल्याला स्पष्टच सांगतो. या तीन पानांत आपल्या मुलीचे स्वतःचे म्हणून एकही वाक्य नाही. तरुणपणी आपण राज्य नाट्य स्पर्धेत काम करत होता आणि नोकरीमुळे ते सुटले, हे आपण जवळजवळ एक पानभर लिहिले आहे. मुलीविषयी मात्र तक्रारीच्या सुरात एवढेच लिहिले आहे, की युवक महोत्सवात ती ‘स्टेजवर उभी राहायचे सोडून लाइट्स करत बसते’.

माझे उत्तर या एका ओळीविषयीच आहे. त्याआधी आपल्या यादीविषयी थोडे बोलतो, कारण रोज अभ्यासाला बसताना मुलीच्या डोळ्यांसमोर तीच असते.

आपण लिहिलेली नावे खरी आहेत: नसीरुद्दीन शाह, ओम पुरी, अनुपम खेर, पंकज कपूर, इरफान खान, नवाजुद्दीन सिद्दिकी, पंकज त्रिपाठी. पण विद्यालय 1959 साली सुरू झाले आणि तेव्हापासून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांची संख्या हजाराच्या घरात जाते. त्यांतली चित्रपटात गाजलेली अठरा नावे वेगळी काढली, की ही संस्था म्हणजे चित्रपटाचा दरवाजा आहे असे वाटू लागते. एनएसडीविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज हाच आहे. तिथे नाटक शिकवले जाते. आपल्या यादीतली पहिली दोन नावेच पाहा. नसीरुद्दीन शाह आणि ओम पुरी एनएसडीतून बाहेर पडल्यावर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये पुन्हा विद्यार्थी म्हणून दाखल झाले, कारण कॅमेऱ्यासमोरचे काम त्यांना वेगळे शिकावे लागणार होते. नवाजुद्दीन 1996 साली पदविका घेऊन बाहेर पडले आणि देशाने त्यांना ओळखले ते 2012 च्या सुमारास. मधली सोळा वर्षे यादीत दिसत नाहीत. आपण मुलीला दोन प्रयत्नांची मुदत दिली आहे. ज्या माणसांकडे बोट दाखवून ती दिली, त्यांच्यापैकी काहींना आपली जागा मिळायला याच्या कितीतरी पट काळ लागला आहे.

शिवाय संस्थेचा कणा ज्यांनी सांभाळला, ती माणसे आपल्या यादीत नाहीत. मनोहर सिंग आणि उत्तरा बावकर यांनी विद्यालयाच्या रेपर्टरी कंपनीत, म्हणजे त्याच्या कायमस्वरूपी व्यावसायिक नाटकमंडळीत, वर्षानुवर्षे काम केले. दिल्लीच्या प्रेक्षकांची एक पिढी त्यांचे नाटक पाहून घडली. दिग्दर्शक रतन थिय्याम मणिपूरला परतले आणि 1976 साली त्यांनी इंफाळला कोरस रेपर्टरी थिएटर उभारले. दिग्दर्शक बन्सी कौल यांनी भोपाळला रंग विदूषक ही नाट्यसंस्था स्थापन केली. आपल्या मराठवाड्याचेच उदाहरण हवे असेल तर बीड जिल्ह्यातल्या खेड्यातून गेलेले वामन केंद्रे आहेत. ते तिथे शिकले, पुढे मुंबई विद्यापीठाच्या अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्सचे काम त्यांनी पाहिले आणि 2013 मध्ये त्याच एनएसडीचे संचालक झाले. यांतल्या कुणाचेही आयुष्य वाया गेले असे म्हणण्याचे धाडस आपण करणार नाही, याची मला खात्री आहे.

आता ‘लाइट्स करत बसते’ या आपल्या ओळीकडे येतो. एनएसडीला आजचा लौकिक ज्यांच्यामुळे मिळाला ते इब्राहिम अल्काझी मूळचे पुण्याचे, 1925 साली तिथेच जन्मलेले. 1962 ते 1977 अशी पंधरा वर्षे ते संचालक होते. नट असो वा दिग्दर्शक, प्रत्येक विद्यार्थ्याला नेपथ्य, प्रकाशयोजना, वेशभूषा आणि रंगभूषा हाताने करता आलीच पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. 1963 मध्ये त्यांनी धर्मवीर भारतींचे ‘अंधायुग’ दिल्लीतल्या फिरोजशाह कोटला किल्ल्याच्या पडक्या अवशेषांत केले. उघड्यावर, रात्री, दगडी भिंतींच्या साक्षीने होणाऱ्या अशा प्रयोगात कोणती भिंत प्रेक्षकांना दिसू द्यायची आणि कोणती अंधारात ठेवायची, हे ठरवणारा माणूस नटाइतकेच नाटक घडवत असतो. ज्या कामाला आपण ‘बसणे’ म्हणता, ते हे काम आहे. अल्काझींच्या नाटकांची वेशभूषा त्यांच्या पत्नी रोशन अल्काझी यांनी अभ्यासपूर्वक उभी केली. याच विद्यालयातून बाहेर पडलेल्या डॉली अहलुवालिया यांना ‘बँडिट क्वीन’ आणि ‘हैदर’ या दोन चित्रपटांच्या वेशभूषेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. विद्यालयात पहिल्या वर्षी सर्वांना सगळे विषय शिकावे लागतात आणि पुढे अभिनयाखेरीज दिग्दर्शन व आरेखन (नेपथ्य, प्रकाश, वेशभूषा) यांकडेही जाता येते, ही गोष्ट कदाचित आपल्या लक्षात आली नसावी.

प्रवेशाविषयी थोडक्यात सांगतो. पदवी, नाटकात प्रत्यक्ष काम केल्याचा अनुभव आणि हिंदी-इंग्रजीची कामापुरती जाण लागते. आधी प्राथमिक चाचणी आणि मग निवडक विद्यार्थ्यांची कार्यशाळा होते. देशभरातून साधारण तीस जणच निवडले जातात. म्हणूनच पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची अकॅडमी आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातला नाट्यशास्त्र विभाग हे पर्याय आजच विचारात घ्यावेत. ते अपयशानंतरचे दुय्यम ठिकाण आहे असे मुलीला भासवू नये. बी. एड. हा चांगला अभ्यासक्रम आहे, परंतु शिक्षा म्हणून कुणी शिक्षक होऊ नये. तिचेही नुकसान होईल आणि तिच्या वर्गातल्या मुलांचेही.

आपले नाटक सुटले याचे मला मनापासून वाईट वाटते. आपले वय फार झालेले नाही. राज्य नाट्य स्पर्धेत आजही आपल्या वयाची माणसे उतरतात, आणि निवृत्तीची वाट न पाहता आपणही उतरावे असे मी आग्रहाने सुचवतो. आपली उरलेली भूमिका मुलीने करावी ही अपेक्षा मात्र तिच्या डोक्यावरून काढून घ्यावी. कारण ती आपल्या प्रेमापोटी हो म्हणत राहील. कार्यशाळेत परीक्षकांनी ‘तुला इथे का यायचे आहे’ असे विचारले की मात्र तिच्याजवळ आपलेच उत्तर असेल, तिचे नसेल.

यंदाच्या महोत्सवात तिला प्रकाशयोजनाच करू द्यावी, आणि प्रयोगाला आपण स्वतः जाऊन बसावे. प्रयोग झाल्यावर कुठला दिवा कुठे लावला आणि अमुक वाक्याला प्रकाश मंद का केला, हे तिला विचारावे आणि तिचे उत्तर पूर्ण ऐकून घ्यावे. दिव्यांचा आराखडा, क्यूंची (कोणत्या क्षणी प्रकाश बदलायचा याची) वही आणि प्रयोगाची छायाचित्रे तिने जपून ठेवावीत, कारण मुलाखतीत ती दाखवता येतील. एनएसडीला अर्ज करायचा की नाही, केला तर कशासाठी, याविषयी मला यापुढचे पत्र तिच्या हातचे यावे. त्याला मी सविस्तर उत्तर देईन.

आपला,
करिअर समुपदेशक