जुन्या ट्रेलर ट्रकचं ॲव्हरेज पडलंय, पंप-नोझल उतरवू का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून गाडी वीसेक वर्षांची, सहा सिलिंडर टर्बो, मेकॅनिकल पंपाची. ॲव्हरेज लिटरला 2.8 किमीवरून 2.3 वर आलंय आणि मेकॅनिक पंप-नोझल (इंजिनात डिझेल फवारणारा पंप आणि त्याची नोझलं) उतरवायला सांगतोय. माझं उत्तर: उतरवा, पण सगळ्यात शेवटी. ब्रेक धरत असतील किंवा हवा गळत असेल तर नव्याने कॅलिब्रेट केलेला पंपही तेवढंच डिझेल पिणार, आणि मग पंपवाल्याशी भांडण.

आधी आकडा खरा आहे का ते बघा. एका टाकीवरून काढलेल्या ॲव्हरेजवर जाऊ नका. 300 लिटर भरताना पाच लिटर अलीकडे-पलीकडे झाले की दीड टक्क्याहून जास्त फरक तिथेच पडतो. सपाट जागी, एकाच पेट्रोल पंपावर, सलग तीन-चार वेळा टाकी फुल करा, लोड वहीत लिहा आणि एकूण किलोमीटरला एकूण लिटरने भागा. टायर नवे टाकलेत का, हेही आठवून बघा. ओडोमीटर शेवटी चाकाचे फेरेच मोजतो. 1040 मिमी व्यासाच्या ड्राइव्ह टायरची नक्षी 15 मिमी झिजली की व्यास 30 मिमीने कमी होतो, म्हणजे गाडी साधारण 97 किमी चालते तेव्हा मीटर 100 दाखवतो. नवे टायर बसले की हा फुगवटा जातो आणि ॲव्हरेज पडल्यासारखं वाटतं. शिवाय नव्या, खोल नक्षीचा टायर थोडा जडही फिरतो. पण तुमची घट त्याहून बरीच मोठी आहे: 100 किमीला 36 लिटर लागायचे तिथे आता 43 लागतायत. एवढा फरक सहसा एकाच बिघाडाचा नसतो, तीन-चार ठिकाणी थोडं थोडं जात असतं.

सुरुवात चाकांपासून करा, कारण त्याला खर्च जवळजवळ नाही. पंधरा-वीस किमी चालवा, शेवटचे तीन-चार किमी होईल तितकं ब्रेकला पाय न लावता. सुरक्षित जागी थांबा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने प्रत्येक ड्रमचं तापमान घ्या, ट्रेलरचेही. एखादा ड्रम बाकीच्यांपेक्षा 40-50 अंश गरम निघाला तर तो ब्रेक धरतोय. रिटर्न स्प्रिंग मेलेली असते, एस-कॅम (ब्रेक शू फाकवणारा दांडा) बुशमध्ये कोरडा अडकतो, किंवा स्लॅक ॲडजस्टर (ब्रेकची ढील लावणारा लिव्हर) जास्त ताणलेला असतो. एअर लाइन गळून प्रेशर कमी पडत असेल तर स्प्रिंग ब्रेक (हवेच्या दाबाने सुटणारा पार्किंग ब्रेक) पूर्ण सुटत नाही, आणि ड्रायव्हरला त्याचा पत्ताही लागत नाही. ड्रमपेक्षा हब जास्त तापलेला दिसला तर बेअरिंग बघा. ते कसून आवळलेलं नको, हबला 0.03 ते 0.12 मिमी प्ले (ढील) हवा.

टायरची हवा थंड असताना गेजने बघा. हातोडी मारून फक्त पंक्चर टायर कळतो, 20 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) कमी असलेला नाही. सगळ्या टायरांत 10 पीएसआय कमी असेल तर सुमारे एक टक्का ॲव्हरेज जातं. जोडीतला आतला टायर बहुतेक वेळा उपाशीच असतो, कारण त्याच्या व्हॉल्व्हपर्यंत हात पोचत नाही. तिथे एक्स्टेंशन बसवून घ्या. पुढच्या टायरवर तळहात आडवा फिरवून बघा: एका दिशेने गुळगुळीत आणि उलट फिरवताना कडा बोटांना टोचत असतील तर टो-इन (पुढची चाकं समोरून किंचित आत वळलेली असणं) बिघडलाय. बहुतेक गाड्यांना 1.5 मिमीच्या आसपास टो-इन लागतो. ट्रेलरच्या किंगपिनपासून (ट्रकला जोडणाऱ्या खुंटीपासून) पहिल्या ॲक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंतचं अंतरही टेपने मोजा. 3 मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर ट्रेलर तिरका ओढला जातोय.

आता इंजिनाची हवा. काळा धूर म्हणजे नोझल खराब, असं सरसकट धरलं जातं. प्रत्यक्षात डिझेल तेवढंच आणि हवा कमी, तरीही धूर काळाच. टर्बोपासून इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) आणि पुढे मॅनिफोल्डपर्यंतच्या रबर होजखाली, क्लिपजवळ, तेलकट काळपट ओल दिसली तर गळती तिथेच समजा. पक्की टेस्ट अशी: इंटरकूलरची दोन्ही तोंडं प्लगने बंद करा, प्लग उडू नयेत म्हणून साखळीने बांधा, 30 पीएसआय हवा भरून पुरवठा तोडा. 15 सेकंदांत 5 पीएसआयपेक्षा जास्त उतरलं तर कोअर किंवा जोड फुटलाय. साबणाच्या पाण्याने जागा सापडते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या जोडावर काजळीचा पट्टा असेल तर टर्बोला मिळायची ताकद तिथूनच वाया जातेय. एअर फिल्टर आपटून साफ करू नका, कागद फाटतो आणि धूळ थेट टर्बोत जाते. रिस्ट्रिक्शन गेज (फिल्टर तुंबल्याचं दाखवणारा) लाल झाला की बदला. टॅपेटचा (व्हॉल्व्हचा) गॅप थंड इंजिनवर लावा, कंपनीच्या मापाने.

फॅनकडे फारसं कुणी बघत नाही. रेडिएटरच्या फॅनचा क्लच जाम होऊन फॅन कायम लागलेला राहिला तर 30-40 हॉर्सपॉवर तिथेच खर्च होतात. रेडिएटर-इंटरकूलरमधला कचरा काढा, नाहीतर चांगला क्लचही सारखा लागत राहतो. उलट, तापमानाचा काटा हायवेलाही 75 अंशांच्या वर चढत नसेल तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलाय. ‘गाडी तापते’ म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकलेल्या गाड्याही असतात. तो परत बसवा आणि तापण्याचं कारण शोधा.

ही सगळी कामं केली आणि वेग तोच ठेवला तर निम्मं कमावलेलं हवेत जाईल. 80 वरून 95 वर गेलात की हवेचा विरोध 41 टक्के वाढतो. टॉप गिअरमध्ये 1300 ते 1500 आरपीएमवर गाडी ठेवा. उतारावर न्यूट्रल करू नका: गिअरमध्ये पाय काढला की पंप डिझेल बंद करतो, न्यूट्रलमध्ये आयडलचं डिझेल जळत राहतं आणि इंजिन ब्रेकही जातो. उभी गाडी चालू ठेवली तर तासाला 2 ते 3 लिटर. टाकीत टाकायच्या गोळ्या आणि पाइपवर लावायच्या मॅग्नेटचे पैसे टायरच्या गेजवर घाला.

एवढं करूनही धूर आणि ॲव्हरेज तसंच राहिलं, तर पंप-नोझल. आधी आयडलवर एकेका नोझलच्या पाइपचा नट सैल करून बघा, चेहरा लांब आणि डोळ्यांवर चष्मा ठेवून. ज्या सिलिंडरला आवाज बदलत नाही, तो दुबळा. त्याचं कॉम्प्रेशनही तपासा, कारण रिंगा गेल्या असतील तर नोझल बदलून काही होणार नाही. ही नट सैल करायची पद्धत कॉमन रेल (एकाच जास्त दाबाच्या नळीतून सगळ्या नोझलना डिझेल देणाऱ्या) इंजिनवर अजिबात नको, तिथलं प्रेशर हाड-मांस कापतं. पंपवाल्याच्या टेस्ट बेंचवर सहाही नोझलचं ओपनिंग प्रेशर आणि पंपाची प्रत्येक लाइनची डिलिव्हरी सारखी करून मागा, आकड्यांचा कागद घ्या. बसवताना नोझलखाली नवे कॉपर वॉशर आणि टायमिंग इंजिनवरच्या प्लेटप्रमाणे. ‘थोडं पिकअप वाढवून देतो’ म्हणून कुणी मॅक्स फ्युएल स्क्रू (पंपाचं जास्तीत जास्त डिझेल ठरवणारा) फिरवायला निघाला तर हात धरा. डिझेल जास्त जाईल, पिस्टन आणि टर्बो तापतील, आणि तुम्ही आत्ता जिथे आहात त्याच्याही खाली ॲव्हरेज येईल.