आधी मित्राचं नाव प्रार्थनेच्या ग्रुपवरून काढा, अभ्यासाचं नंतर बघू

तुमची पोस्ट दोनदा वाचली. वर्षभराची मैत्री, मित्राने घरातली भांडणं तुमच्यापाशी मोकळेपणाने बोललेली. मग एका संध्याकाळी दीड तास बसून तुम्ही येशूबद्दलच्या त्याच्या प्रत्येक शंकेला बायबलच्या वचनांसकट उत्तर दिलंत. तो "बरोबर आहे तुझं" म्हणाला आणि तेव्हापासून फोन उचलत नाही. आता त्रैक्यावर (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) आणि पुनरुत्थानावर (येशूचं मरणातून उठणं) आणखी काय वाचावं, असं विचारताय. पण शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय, "प्रार्थनेच्या ग्रुपवर त्याचं नाव आणि विषय टाकलाय." माझी नजर तिथेच अडली. मला सगळ्यात महाग पडलेली चूक हीच.

वादात हरलेला मित्र थोडे दिवस रुसतो आणि परत येतो. ज्याच्या घरातली गोष्ट चार ठिकाणी गेली, तो सहसा येत नाही. हे वाईट हेतूने होत नाही, म्हणून लक्षातही येत नाही. "अमुकच्या संसारासाठी प्रार्थना करा" एवढी एक ओळ आपण लिहितो. कोणीतरी काळजीने विचारतं, "नक्की काय झालंय?" मग आपण आणखी दोन ओळी टाकतो. तिसरा तो मेसेज दुसऱ्या मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) ग्रुपवर पाठवतो, जास्त लोकांनी प्रार्थना करावी म्हणून. आणि एक दिवस कोणी अनोळखी माणूस त्याला भेटून हळुवारपणे म्हणतो, "आम्ही तुमच्या घरासाठी प्रार्थना करतोय." या वाक्यात त्याला प्रार्थना ऐकूच येत नाही. याला माझ्या बायकोचं कसं कळलं, एवढंच त्याच्या डोक्यात घुमतं.

तर आजच तो मेसेज सर्वांसाठी पुसा. मुदत उलटून गेली असेल तर ग्रुपमध्ये स्पष्ट लिहा की हा विषय पुढे पाठवू नका आणि त्याच्याशी यावर बोलू नका. मग त्याला दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत स्वतः सांगा. "तुझी गोष्ट मी तुला न विचारता ग्रुपवर सांगितली. चुकलं माझं. मेसेज काढलाय." इथेच थांबा. "प्रार्थनेसाठीच सांगितलं होतं" हे शेपूट जोडू नका, त्याने माफीवर पाणी पडतं. त्याच भेटीत येशूचा विषयही काढू नका.

यापुढे कुणासाठीही आधी विचारायचं: "मी तुझ्यासाठी प्रार्थना केली तर चालेल?" हो म्हणाला तर त्याच्यासमोर, साध्या बोलीत, अर्ध्या मिनिटात करा. प्रार्थनेच्या आडून उपदेश नको. पुढच्या भेटीत "त्याचं काय झालं?" हे मात्र आठवणीने विचारा. ग्रुपला सांगायचंच असेल तर नाव नाही, नातं नाही, ओळख पटेल असा तपशील नाही. देवाला नाव ठाऊक आहे. (एक अपवाद: जिवाला धोका किंवा मारहाण असेल तर गुप्तता पाळत बसू नका, लगेच योग्य मदत गाठा. आणि मी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, नाही, तुमच्या पाळकांशीही बोला.)

थोडं मनातलं बोलतो. हे वळण आपल्याला लावलं जातं. साक्ष द्यायला, म्हणजे आपला विश्वास दुसऱ्याला सांगायला, शिकवणाऱ्या एका संस्थेत दर आठवड्याला तक्ता भरून मागायचे: नाव, तारीख, प्रतिसाद, पुढची भेट. माणूस त्या रकान्यात गेला की आपण त्याचं ऐकणं सोडतो, प्रतिसाद मोजायला लागतो. समोरच्याला हे फार लवकर जाणवतं. माझं ठाम मत आहे की असा तक्ता भरू नये, कोणीही मागितला तरी.

याचा अर्थ ज्ञान नको असा नाही. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या (येशूचं जीवन सांगणाऱ्या पुस्तकाच्या) 24व्या अध्यायातली अम्माऊस गावाची वाट बघा. येशूच्या मरणानंतर त्याचे दोन शिष्य खचून चाललेत, आणि मरणातून उठलेला येशू त्यांना ओळख न पटता सोबत चालू लागतो. येशू आधी विचारतो, तुम्ही काय बोलताय? त्यांच्यातला एक म्हणतो, तुला घडलेल्या गोष्टी ठाऊक नाहीत? येशू पुन्हा विचारतो, कोणत्या? सगळं त्याच्यावरच गुदरलेलं, तरी त्यांच्या तोंडून पूर्ण ऐकून घेतो. शास्त्र उलगडतो ते 25व्या वचनानंतर. तुमच्या दीड तासात तो "कोणत्या?" राहून गेला, असं मला वाटतं.

मैत्री पुन्हा जुळली आणि त्यानेच प्रश्न काढला, तर दोन मिनिटांत उत्तर द्या आणि गप्प बसा. तारण, नवा जन्म, अभिषेक हे शब्द मंडळीबाहेर पोचत नाहीत, तुमच्या जगण्यात काय बदललं ते साध्या शब्दांत सांगा. काय अजून बदललं नाही तेही सांगा. उत्तर येत नसेल तर "माहीत नाही" म्हणा. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 9व्या अध्यायात येशूने दृष्टी दिलेल्या आंधळ्याला तरी कुठे सगळं सांगता आलं? आपण आंधळे होतो आणि आता दिसतं, एवढंच त्याला ठाऊक होतं. अडचणीत मदत केलीत तर त्याच दमात उपासनेचं आमंत्रण देऊ नका, मदतीची किंमत मागितल्यासारखं होतं. आणि तो "नको" म्हणाला तर पुढच्या आठवड्यात नेहमीसारखाच फोन करा.

वाचायची इच्छा त्याने दाखवली तर मार्कचं शुभवर्तमान घ्या. 16च अध्याय आहेत, सगळ्यात लहान शुभवर्तमान. एका बैठकीत एकच प्रसंग, फार तर दहा-पंधरा वचनं. येशू आणि शिष्य नावेत असताना आलेल्या वादळाचा प्रसंग (अध्याय 4, वचनं 35 ते 41) सुरुवातीला चांगला. त्याला विचारा, काय घडलं, काय खटकलं, तू त्या नावेत असतास तर येशूला काय विचारलं असतंस? उत्तरं दुरुस्त करत बसू नका. दोघांकडे एकच भाषांतर असू द्या, नाहीतर अर्धा वेळ शब्दांच्या फरकात जातो. जुन्या भाषांतराची मराठी नवख्याला जड जाते, सोप्या भाषेतली प्रत घ्या. तुमच्या टिपांची वही त्या दिवशी घरीच ठेवा.