न्यूयॉर्कमध्ये ऐनवेळी फुकट नाटकाची तिकिटं देणाऱ्या क्लबचं सदस्यत्व घ्यावं का?

हो, जरूर घ्या, पण तुम्ही शहरातच राहत असाल आणि संध्याकाळी अचानक निघू शकत असाल तरच. प्ले-बाय-प्लेसारखे क्लब वार्षिक वर्गणी घेतात, वर दर तिकिटामागे थोडं सेवाशुल्क. निर्माते ही तिकिटं देतात कारण रिकाम्या खुर्च्यांपुढे नट खुलत नाहीत. विशेषतः अधिकृत शुभारंभाआधीच्या प्रयोगांना आणि समीक्षक येणार असतील तेव्हा सभागृह भरलेलं हवं असतं. क्लबच्या यादीत बहुतेक ऑफ-ब्रॉडवे, म्हणजे ब्रॉडवेच्या मोठ्या थिएटरांपेक्षा लहान, १०० ते ४९९ आसनांची थिएटरं दिसतात. माझ्या मते खरी मौज तिथेच आहे: एरवी आपण ज्याचं तिकीट काढलंच नसतं असं नवं नाटक बघायला मिळतं.

साधारण नियम:
- जागा निवडता येत नाही.
- तिकीट घेऊन गैरहजर राहिलात तर सदस्यत्व जाऊ शकतं.
- शेजारच्याला तिकीट फुकट मिळाल्याचं सांगायचं नाही. त्याने पूर्ण पैसे मोजलेले असतात.

ठरावीक गाजलेलं ब्रॉडवे म्युझिकलच बघायचं असेल, तर मात्र वर्गणी भरू नका. टाइम्स स्क्वेअरला १९७३पासून चालू असलेल्या टीकेटीएस खिडकीवर त्याच दिवसाची सवलतीची तिकिटं बघा.