गेमचा कट्टा: कोठडीतून सुटायची घाई नको

प्रश्न: दादा, रेसिडेंट ईव्हल रेव्हलेशन्स २ सेलमध्ये स्वस्तात दिसतोय. मला तुरुंगातून पळायचे गेम जाम आवडतात, पण या सिरीजमधलं आधीचं काहीच खेळलेलो नाही. ताई आणि मी मिळून खेळता येईल का? आणि याचे भाग का पाडलेत? – एक वाचक, सांगली

उत्तर: घे रे बिनधास्त. फक्त एक आधीच सांगतो, खरा तुरुंग पहिल्या भागापुरताच आहे आणि माझ्या मते तोच सगळ्यात भारी भाग आहे, पुढे गाव येतं, गटारं येतात, खाण येते, पण त्या कोठड्यांची मजा काही परत येत नाही.

सुरुवात अशी, गेमची नायिका क्लेअर कोठडीत जागी होते, हातात एक बँड, त्यातून एका बाईचा आवाज, आणि दार आपोआप उघडतं. म्हणजे पळायला मुभा आहे, पण पळून जायचं कुठे? बाहेर आलं की कळतं, सगळीकडे समुद्र, बेटावर अडकलोय. भीती वाढली की बँडच्या दिव्याचा रंग बदलतो आणि ते नुसतं शोभेला नाहीये, अख्खी स्टोरी त्या भीतीवरच उभी आहे. भागांची नावं पण बघ, पीनल कॉलनी, कंटेम्प्लेशन, जजमेंट, मेटामॉर्फोसिस, सगळी काफ्का या लेखकाच्या पुस्तकांवरून उचललेली. (झॉम्बी मारताना काफ्का! गेम बनवणाऱ्या कॅपकॉमवाल्यांना कधी काय सुचेल सांगता येत नाही.)

पण मला खरं आवडलं ते वेगळंच. प्रत्येक भागाचे दोन अर्धे आहेत, आधी क्लेअर आणि तिच्यासोबत अडकलेली मोइरा, मग सहा महिन्यांनी मोइराचा बाप बॅरी तिला शोधत त्याच बेटावर येतो, सोबत नतालिया नावाची छोटी मुलगी. त्यामुळे मगाशी जिथून जीव मुठीत धरून पळालो तिथेच परत जायचं, सगळं ओसाड, आणि आपल्याला माहिती असतं इथे काय झालं होतं ते, बॅरीला नसतं. काही जण म्हणतात कंपनीने तेच लेव्हल दोनदा विकले. पहिल्या भागात मला तसं अजिबात वाटलं नाही, तिसऱ्यापर्यंत मात्र थोडं पटायला लागलं. अमुक वस्तू शोध, तमुक जागी लाव, मग दार उघड, हे फार होतं आणि भागाची लांबी ओढूनताणून वाढवल्यासारखी वाटते.

भाग पाडले कारण २०१५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दर आठवड्याला एक असे चार भाग आले, नंतर डिस्क. तेव्हा आठवडाभर डोक्याला भुंगा लागायचा, पुढे काय म्हणून. आता सलग खेळताना ती गंमत जाते आणि भागाच्या सुरुवातीचं "मागील भागात" उगाच मध्ये येतं. जमलं तर एका रात्रीत एकच भाग खेळा.

आधीचं खेळलेलं नसलं तरी चालतं. क्लेअर सिरीजच्या दुसऱ्या नंबरच्या गेममधली, बॅरी पहिल्यातला, एवढं पुरे.

आता ताईचा मुद्दा. स्टोरी मोडमध्ये ऑनलाइन जोडी जमत नाही, एकाच स्क्रीनचे दोन तुकडे करून शेजारी बसून खेळायचं. जोडी मुद्दाम असमान ठेवलीय. मोइरा बंदुकीला हात लावत नाही, लहानपणी तिच्या हातून बहिणीला गोळी लागली होती म्हणून, तिच्याकडे टॉर्च आणि कटावणी. नतालियाला भिंतीपलीकडचे शत्रू कळतात, पण मारायला फार तर वीट. एकटा खेळशील तर सतत बटण दाबून इकडून तिकडे उड्या माराव्या लागतात, थोडा वैताग आहे. दोघं असाल तर ताई टॉर्च मारून आंधळं करणार, तू गोळी घालणार, मस्त जमतं. फक्त तिला आधीच सांग की बंदूक मिळणार नाही, नाहीतर पहिल्याच कोठडीत भांडण.

सगळ्यात मोठी तक्रार शेवटाची. (स्पॉयलर आहे, नको असेल तर इथेच थांब.) दोन शेवट आहेत आणि चांगला मिळणार की वाईट हे तिसऱ्या भागातल्या एका क्षणावर ठरतं, पण इथे काही निवडायचंय हे गेम धड सांगतच नाही. क्लेअर खाली दाबली गेलीय, बंदूक पडलीय, आपण येड्यासारखे बटण बडवत बसतो. बडवू नकोस, मोइराकडे स्विच कर. मी बडवलं होतं, आणि सगळा गेम संपल्यावर कळलं की भलताच शेवट पदरात पडलाय.