अंदाजित ग्रेड कमी आले तर

अंदाजित ग्रेडमध्ये बी, बी, सी बघून खचू नकोस. हा शिक्षकांचा अंदाज आहे, ए-लेव्हलचा, म्हणजे ब्रिटनमधल्या बारावीसारख्या परीक्षेचा, निकाल नाही. अर्ज यूकासला, म्हणजे तिथल्या विद्यापीठ प्रवेशाचे अर्ज घेणाऱ्या संस्थेला, जाण्याआधी शिक्षकांना शांतपणे विचार, 'ग्रेड वाढवायला माझ्याकडून काय दिसायला हवं?' पुढच्या चाचणीत सुधारणा दिसली तर काही शिक्षक अंदाज बदलतात. आईबाबांना भांडायला मात्र पाठवू नकोस, त्याने शिक्षक उलट आडमुठे होतात.

अर्जातले पाचही पर्याय स्वप्नातल्या विद्यापीठांवर घालवू नकोस. दोन उंच, दोन आवाक्यातले, एक खात्रीचा, आणि तोही खरंच आवडणारा. घरी किंवा तब्येतीची अडचण होती का? शिक्षकांना अर्जासोबतच्या संदर्भपत्रात ते लिहायला सांग, यात कमीपणा नाही.

ऑगस्टमध्ये निकाल चांगला लागला तर क्लिअरिंग, म्हणजे उरलेल्या जागांवर प्रवेश, आहे, किंवा हातात आलेल्या ग्रेडवर पुढच्या वर्षी नव्याने अर्ज करता येतो.